जानुबल आणि स्थैर्य : संधिगत वातात स्थिर व्यायामाचे स्थान

जानुसंधिगत वात हा सोलापूर परिसरातील वैद्यांच्या नित्य परिचयाचा व्याधी आहे. अभ्यंगासाठी तेल, पोटात गुग्गुळ कल्प, शक्य असल्यास जानुबस्ती आणि थंड, रूक्ष आहार टाळण्याची सूचना, असा उपचारक्रम आपण सर्वजण योजतो. रुग्णास त्याने बरेही वाटते. तथापि काही महिन्यांनी तोच रुग्ण तीच तक्रार घेऊन पुन्हा येतो. त्या वेळी त्याच्या मांडीकडे कोणी लक्षपूर्वक पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. गुडघ्याच्या वरचा मांसल भाग पूर्वीपेक्षा ओसरलेला असतो. वेदना शमली, परंतु संधीला धरून ठेवणारे बळ मात्र परत आले नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हे बळ परत कसे आणावे हा आहे.

त्यासाठी जो व्यायामप्रकार विचारात घ्यावयाचा आहे, त्यास आधुनिक परिभाषेत आयसोमेट्रिक व्यायाम म्हणतात. यात स्नायू आकुंचन पावून ताठ होतो, पण सांधा हलत नाही. भिंत ढकलली तरी भिंत हलत नाही. बळ मात्र लागते. त्याच न्यायाने मांडीचा स्नायू घट्ट आवळून काही क्षण तसाच धरणे हा आयसोमेट्रिक व्यायाम होय. सोयीसाठी त्यास येथे ‘स्थिर व्यायाम’ असे म्हटले आहे. संधीची हालचाल नसल्यामुळे, जिथे हालचालीनेच वेदना वाढते तिथेही तो करविता येतो, हे त्याचे मुख्य वैशिष्ट्य.

सोलापूरचा रुग्ण

व्याधीचा विचार देश आणि व्यवसाय सोडून करता येत नाही. सोलापूर हा पर्जन्य कमी, ऊन प्रखर आणि हवा कोरडी असलेला प्रदेश. वातप्रकोपास भूमी अनुकूल आहे. त्यात या शहराचा व्यवसाय पाहावा. गिरण्यांचे युग संपले, तरी यंत्रमाग आहेत. मागावरचा कामगार अनेक तास उभा असतो. विडी वळणारी स्त्री मांडीवर सूप घेऊन, पाय दुमडून, मान खाली घालून दिवसाचा मोठा भाग एका जागी बसते. तिची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते. म्हणून मध्येच उठून पाय मोकळे करणे म्हणजे तिच्या दृष्टीने पैसे घालविणे होय. कुंभारी येथील गोदूताई परुळेकर वसाहतीसारख्या ठिकाणी, जेथे विडी कामगार स्त्रियांना हजारो घरे मिळाली, तेथे काम घरातच चालते. काम आणि विश्रांती यांची जागा एकच असल्यामुळे बसण्याचे तास मोजलेही जात नाहीत.

दुसरा मोठा वर्ग वारकऱ्यांचा. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात. आळंदीहून निघणारा वारकरी सुमारे अडीचशे किलोमीटर चालून आषाढीला पोहोचतो. वर्षभर शेतात वा दुकानात असलेले साठीच्या पुढचे गुडघे अचानक या परीक्षेस बसतात. ज्येष्ठ महिना लागला की गुडघ्याच्या तेलाची मागणी वाढते, हे औषधालयचालकांस सांगावयास नको.

या दोन्ही वर्गांत औषध घेण्याची तयारी आहे, विश्वास आहे. परंतु शस्त्रकर्माचा खर्च आणि त्यानंतरची सक्तीची रजा सोसण्याची ताकद बहुतेकांकडे नाही. म्हणून जो उपाय घरी, विनाखर्च, काम करता करता होऊ शकतो, त्याचे मोल येथे अधिक आहे.

मांसक्षय आणि संधिवेदना

संधिगत वाताचे वर्णन चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील अठ्ठाविसाव्या अध्यायात आहे. वाताने भरलेल्या पखालीसारखा स्पर्श, शोथ आणि आकुंचन-प्रसारणाच्या वेळी वेदना, ही लक्षणे आपणास पाठ आहेत. परंतु या व्याधीचा विचार करताना आपले लक्ष अस्थी, संधी आणि श्लेषक कफ यांवरच खिळून राहते. मांसधातू बाजूला पडतो.

अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात, अकराव्या अध्यायात, मांसक्षयाची लक्षणे देताना वाग्भटाचार्यांनी इंद्रियग्लानी, गाल व नितंब शुष्क होणे यांबरोबरच संधिवेदनेचा स्पष्ट उल्लेख केला आहे. मांस क्षीण झाले की संधी दुखतो, हा कार्यकारणभाव ग्रंथातच आहे. चरकांनी मेदक्षयात संधिस्फुटन सांगितले आहे, तेही याच विचाराला पूरक ठरते. तेव्हा जानुशूलाच्या प्रत्येक रुग्णात मांडीचे मांस तपासणे, ही काही बाहेरून उसनी आणलेली गोष्ट नाही.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मर्मांचे वर्णन आले आहे. जंघा आणि ऊरू यांच्या संधानस्थानी जानुमर्म, प्रमाण तीन अंगुळे, प्रकार वैकल्यकर, विद्ध झाल्यास खंजता. त्याच्या वर तीन अंगुळांवर आणी नावाचे स्नायुमर्म. ते विद्ध झाल्यास शोथाची वृद्धी आणि सक्थीची स्तब्धता होते, असे सुश्रुताचार्य सांगतात. गुडघ्याच्या वरच्या या भागात मांडीचा चतुःशिरस्क स्नायू, म्हणजे क्वाड्रिसेप्स, वाटीच्या हाडाला येऊन मिळतो. शोथ आणि मांडीची अकार्यक्षमता यांचा एकत्र उल्लेख येथे मननीय आहे.

आधुनिक संशोधन या ठिकाणी काय सांगते ते पाहू. १९६५ साली डी अँड्रेड व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की गुडघ्यात द्रव भरला की चतुःशिरस्क स्नायूचे आकुंचन प्रतिक्षिप्त क्रियेने दबते. पुढील अभ्यासांत असे दिसले की केवळ वीस-तीस मिलिलिटर द्रवानेही या स्नायूचा आतील भाग मंदावतो. म्हणजे शोथामुळे स्नायू निष्क्रिय, निष्क्रियतेमुळे मांसक्षय, मांसक्षयामुळे संधीवर अधिक भार आणि त्या भारामुळे पुन्हा शोथ, असे दुष्टचक्र सुरू होते. सुश्रुताचार्यांच्या वचनात हा सिद्धांत जसाच्या तसा होता असा दावा करण्याचे कारण नाही. मर्माघाताचे ते वर्णन आहे. परंतु ज्या स्थानी त्यांनी बोट ठेवले ते स्थान चिकित्सेच्या दृष्टीने निर्णायक आहे, एवढे निश्चित म्हणता येते.

आपले तेल आणि स्वेदन या चक्रातील वेदना, स्तंभ व शोथ यांवर कार्य करतात. निष्क्रिय झालेल्या स्नायूला पुन्हा कामास लावणे हे मात्र तेलाचे कार्य नव्हे. ते कर्मानेच साधते.

वृद्ध व वातरोगी यांस व्यायाम वर्ज्य नाही काय ?

हा आक्षेप कोणताही अभ्यासू वैद्य घेईल आणि तो घेतलाच पाहिजे. वाग्भटाचार्यांनी दिनचर्येच्या अध्यायात वातपित्तरोगी, बालक, वृद्ध आणि अजीर्णी यांनी व्यायाम टाळावा असे सांगितले आहे. जानुसंधिगत वाताचा रुग्ण बहुधा वृद्धही असतो आणि वातरोगीही. मग त्यास व्यायाम सांगणे शास्त्रविरुद्ध ठरत नाही काय ?

उत्तर शोधण्यासाठी तो निषेध कोणत्या व्यायामाचा आहे हे पाहिले पाहिजे. दिनचर्येतील व्यायाम म्हणजे शरीरास आयास देणारे कर्म. तो बलवान आणि स्निग्ध भोजन करणाऱ्यांसाठी सांगितलेला असून शीतकाळी व वसंतात अर्ध्या शक्तीपर्यंत आणि इतर ऋतूंत त्याहून कमी करावयाचा आहे. जोर, बैठका, कुस्ती हे त्याचे रूप. सत्तर वर्षांच्या आजींना बैठका सांगू नयेत, हे आजही तितकेच खरे आहे. अतिव्यायामाने तृष्णा, क्षय, श्वास, रक्तपित्त, ज्वर इत्यादी विकार होतात, हा इशाराही तेथेच आहे. निषेधाचा आशय शरीर झिजविणारा आयास टाळावा हा आहे.

उलट चरकांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात व्यायामाची व्याख्या करताना ज्या शरीरचेष्टेने स्थैर्य येते आणि बल वाढते, जी इष्ट आहे, तीस व्यायाम म्हटले असून ती मात्रेने करावी असे बजावले आहे. स्थैर्य, बल आणि मात्रा, या तीन शब्दांतच आपल्या विषयाचे सार आले आहे. शिवाय ऊरुस्तंभाच्या चिकित्सेत चरकांनी वाळू व खडीच्या जागी चालणे, नदीत प्रवाहाविरुद्ध पोहणे, अशी पायांची कर्मे औषध म्हणून सांगितली आहेत. ऊरुस्तंभाची संप्राप्ती वेगळी, तेथे कफ व मेद यांचे आवरण प्रधान, हे मान्य करूनही एक गोष्ट सिद्ध होते. विशिष्ट अवयवासाठी विशिष्ट मात्रेत सांगितलेले कर्म हा चिकित्सेचा भाग आहे. तो दिनचर्येतील व्यायामाच्या निषेधात येत नाही.

स्थिर व्यायामात एका वेळी पाच-सहा सेकंदांचे आकुंचन आणि तितकीच विश्रांती असते. घाम फुटत नाही, धाप लागत नाही, तहान लागत नाही. अर्धशक्तीची लक्षणे सुश्रुताचार्यांनी दिलेली आहेत. तेथपर्यंतही पोहोचावयाचे नाही. वृद्धास आणि वातरोग्यास झेपेल अशी ही मात्रा आहे.

आधुनिक अभ्यासाचा आढावा

जर्मनीतील डॉर्टमुंड येथे हेटिंगर व म्यूलर यांनी १९५३ साली असे प्रसिद्ध केले की कमाल शक्तीच्या सुमारे दोनतृतीयांश बळाने दिवसातून एकदा सहा सेकंद आकुंचन धरले तरी स्नायूचे बळ आठवड्यास सुमारे पाच टक्के वाढते. पुढील अभ्यासकांना एवढी वेगवान वाढ सर्वत्र आढळली नाही. मात्र अल्पकाळाचे स्थिर आकुंचन बळ वाढविते, हे मूळ निरीक्षण टिकून राहिले.

गुडघ्याच्या संधिवातात व्यायामाचा उपयोग किती, याविषयी कोक्रेन संस्थेची समीक्षा २०१५ साली प्रसिद्ध झाली. तीत ५४ चाचण्यांचा विचार होता. व्यायामाने वेदना शंभरपैकी सुमारे १२ गुणांनी कमी होते आणि हालचालीची क्षमताही वाढते, असा निष्कर्ष निघाला. २०२४ साली ही समीक्षा अद्ययावत झाली; चाचण्यांची संख्या खूप वाढली, तेव्हा परिणाम काहीसा लहान दिसला. म्हणून रुग्णास चमत्काराचे आश्वासन देऊ नये. झिजलेले कास्थी व्यायामाने पुन्हा उगवत नाही. वेदना काही अंशी कमी होणे, जिना चढता येणे, आधाराविना उठता येणे, हे साध्य आहे आणि ते थोडे नाही.

स्थिर व्यायाम इतर सर्व व्यायामांपेक्षा श्रेष्ठ आहे असेही नाही. त्याचे स्थान पहिल्या पायरीचे आहे. त्याची एक मर्यादा ध्यानात ठेवावी. ज्या कोनात सांधा ठेवून स्नायू आवळला, त्या कोनाच्या आसपासच बळ प्रामुख्याने वाढते. पाय सरळ ठेवूनच व्यायाम केला तर खुर्चीवरून उठण्याचे बळ येईलच असे नाही. म्हणून पुढील विधीत गुडघ्याच्या वेगवेगळ्या स्थिती योजल्या आहेत.

रुग्णपरीक्षण

व्यायाम सांगण्यापूर्वी चार नोंदी केसपेपरवर कराव्यात. त्यास मोजपट्टी, घड्याळ आणि हात नसलेली खुर्ची एवढेच साहित्य लागते.

१) वाटीच्या वरच्या कडेपासून दहा सेंटिमीटर वर दोन्ही मांड्यांचा घेर.
२) रुग्णास उताणे झोपवून पाय सरळ उचलण्यास सांगावे. गुडघा पूर्ण सरळ राहतो की किंचित वाकलेलाच राहतो, हे पाहावे. वाकलेला राहिल्यास चतुःशिरस्क स्नायू दुर्बल आहे असे समजावे.
३) हात छातीवर दुमडून तीस सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा पूर्ण उठता येते ते मोजावे.
४) आधाराजवळ उभे करून एका पायावर किती सेकंद राहता येते ते पाहावे. वैद्याने वा मदतनिसाने शेजारीच उभे राहावे.

चौथ्या परीक्षेविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. ब्राझीलमधील ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ व्यक्तींचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. दहा सेकंद एका पायावर उभे राहू न शकणारे सुमारे एकपंचमांश होते, आणि पुढील सुमारे सात वर्षांत त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण लक्षणीय अधिक आढळले. तोल जाणे हेच मृत्यूचे कारण, असा त्याचा अर्थ नाही. ते एकूण बलक्षयाचे चिन्ह आहे. तरी दहा सेकंदांत मिळणारी एवढी माहिती सोडून देऊ नये. पडण्याने जगभरात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार मृत्यू होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. मोरीच्या ओल्या फरशीवर पडलेली वृद्धा आणि तिचे मोडलेले खुब्याचे हाड, हा प्रसंग कोणत्याही वैद्यास नवा नाही.

व्यायामविधी

सर्व प्रकारांत आकुंचन हळूहळू वाढवावे, पाच ते सहा सेकंद धरावे, हळूहळू सोडावे आणि तितकाच काळ विश्रांती घ्यावी. प्रत्येक बाजूस पाच वेळा आरंभ करून दहापर्यंत न्यावे. सकाळ-सायंकाळ दोन वेळा पुरे. पूर्ण जोर लावू नये. निम्म्या बळाने प्रारंभ करावा.

श्वास रोखणे हा यातील सर्वांत मोठा दोष. त्यावर सोपा उपाय म्हणजे मोठ्याने अंक मोजणे. बोलणाऱ्याचा श्वास कोंडत नाही. आपल्या शहरात कोणी एक, दोन, तीन म्हणेल, कोणी ओकटी, रेंडू, मूडू, तर कोणी ओंदू, एरडू, मूरू. रुग्णाने आपल्या मातृभाषेत मोजावे. वैद्यानेही त्याच भाषेत मोजून दाखविल्यास विधी लक्षात राहतो.

१) जानुपीडन – उताणे झोपून वा पाय पसरून बसून गुडघ्याखाली टॉवेलची अथवा आपल्या सोलापुरी चादरीची लहान गुंडाळी ठेवावी. पायाची बोटे स्वतःकडे ओढून गुडघ्याने गुंडाळी खाली दाबावी. मांडीचा पुढचा भाग कठीण झाला की नाही, हे रुग्णाने स्वतःच्या हाताने चाचपावे. तीव्र वेदनेच्या रुग्णास प्रथम हा एकच प्रकार द्यावा.

२) सरलपाद धारण – एक गुडघा वाकवून तळवा अंथरुणावर टेकवावा. दुसरा पाय सरळ ठेवून मांडी आवळावी आणि टाच वीतभर उचलून धरावी. कंबर उचलली जात असल्यास वा कटिशूल असल्यास हा प्रकार टाळावा.

३) पादबंध – खुर्चीवर बसून दोन्ही पाय घोट्यापाशी एकावर एक आडवे ठेवावेत. मागचा पाय पुढे ढकलावा, पुढचा मागे ओढावा. दोहोंचे बळ सारखे असल्याने पाय हलत नाहीत. एका मांडीचा पुढचा आणि दुसरीचा मागचा स्नायू एकाच वेळी काम करतो. नंतर पाय बदलावेत. गुडघा काटकोनात असताना आणि पाय थोडे पुढे सरकवून, असा दोन स्थितींत करावा.

४) ऊरुसंपीडन – बसून दोन गुडघ्यांमध्ये उशी धरून दाबावी. त्यानंतर गुडघ्यांभोवती ओढणी वा उपरणे बांधून गुडघे बाहेर ढकलावेत. कंबरेच्या बाजूचे स्नायू यामुळे सबळ होतात. चालताना तोल सांभाळण्याचे काम मुख्यतः त्यांचे आहे.

५) भित्तिकाश्रित उत्कट – पाठ भिंतीस टेकवून, पावले भिंतीपासून हातभर पुढे ठेवून किंचित खाली घसरावे. गुडघा फार तर चाळीस अंशांपर्यंत वाकवावा. दहा सेकंदांपासून आरंभ करून वीसपर्यंत जावे. पहिले चार प्रकार दोन-तीन आठवडे विनात्रास झाल्यावरच हा द्यावा. मांडी जमिनीस समांतर होईपर्यंत बसणे तरुण खेळाडूंसाठी आहे, जानुरुग्णासाठी नव्हे.

६) स्थैर्यसाधन – ओट्यास वा जड टेबलास हात लावून प्रथम टाचा उचलून धराव्यात. पुढे एका पावलापुढे दुसरे पाऊल टेकवून उभे राहावे. नंतर एक पाय उचलावा. हाताचा आधार क्रमाने कमी करावा: प्रथम पूर्ण हात, मग बोटे, मग एक बोट. अंधारात, ओल्या जागी वा पायमोजे घालून हा प्रकार करू नये.

स्थैर्य हे केवळ पावलाचे नव्हे, तर कंबर, मांडी आणि गुडघा यांच्या एकत्रित बळाचे फळ आहे. मकरसंक्रांतीस सिद्धेश्वरांच्या यात्रेत निघणारे सात नंदीध्वज आपण दरवर्षी पाहतो. ते उंच, जड काष्ठ पेलणारा मानकरी अडुसष्ट लिंगांच्या मार्गावर डोलत नाही, कारण यात्रेपूर्वी त्याने सराव केलेला असतो. बळ आणि तोल सरावाने येतात, हे सोलापूरकरांस समजावून सांगण्यासाठी याहून चांगला दृष्टान्त नाही.

काल, मात्रा व पथ्य

वाग्भटाचार्यांच्या दिनचर्येत अभ्यंग आधी, व्यायाम नंतर आणि व्यायामानंतर सुखकर मर्दन असा क्रम आहे. तोच येथे घ्यावा. कोमट तेल हलक्या हाताने लावून दहा-पंधरा मिनिटे जाऊ द्यावीत, स्थिर व्यायाम करावा आणि मग उष्णोदकाने शेक वा स्नान घ्यावे. ‘तेल लावले की लगेच हे करावयाचे’ अशी सांगड घातली तर रुग्ण व्यायाम विसरत नाही, कारण तेल लावणे तो विसरत नाही.

सोलापूरच्या चैत्र-वैशाखात हे सर्व सूर्योदयाच्या सुमारास उरकावे आणि आवर्तने कमी करावीत. आषाढी वारीस जाणाऱ्यांनी प्रस्थानापूर्वी सहा ते आठ आठवडे आरंभ करावा. आरंभीच्या दोन-चार आठवड्यांत जे बळ वाढल्यासारखे वाटते, ते मुख्यतः निष्क्रिय झालेला स्नायू पुन्हा जागा झाल्यामुळे. मांसाची प्रत्यक्ष वृद्धी त्यानंतर होते. पंधरा दिवसांत निष्कर्ष काढून व्यायाम सोडू नये.

विडी वळणाऱ्या भगिनींना वेगळी वेळ काढण्यास सांगणे व्यवहार्य नाही. त्यांना असे सांगावे, की दर गड्डीनंतर सूप बाजूस ठेवून पाय पसरावेत आणि पाच वेळा जानुपीडन करावे. त्यास एक मिनिट लागते. मजुरी बुडत नाही.

मांसवर्धनास आहार हवाच. भाकरी आणि शेंगांची चटणी हे आपले मुख्य अन्न. त्यास दाटसर डाळ, मूग, पचत असल्यास उडीद, दूध-तूप आणि मांसाहारी रुग्णांत अंडी वा मांसरस यांची जोड द्यावी. अग्नी मंद असल्यास प्रथम दीपन-पाचन करावे. न पचलेल्या अन्नाने आम वाढतो, मांस नव्हे.

मात्रा अधिक झाली हे ओळखण्याची खूण सोपी आहे. व्यायामाच्या वेळी थोडे दुखले तर चालते. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळीही दुखणे वाढलेले असेल किंवा सूज वाढली असेल, तर आवर्तने निम्मी करावीत.

जेथे थांबावे

सामावस्थेत, म्हणजे संधी उष्ण, लाल, सुजलेला आणि ज्वर वा अंगमर्द सोबत असताना, व्यायाम देऊ नये. आमवात, वातरक्त आणि क्रोष्टुकशीर्ष यांच्या तीव्र अवस्थेत प्रथम त्या व्याधीची चिकित्सा करावी. ज्वरासह एकच गुडघा एकाएकी सुजला असेल तर जंतुसंसर्गाची शंका घेऊन त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. पडल्यानंतर पायावर भार देता येत नसल्यास, गुडघा अडकून बसल्यास, एकाच पोटरीस सूज व वेदना असल्यास, रात्री झोपेतून उठविणारी वेदना असल्यास विलंब करू नये.

रक्तदाबाविषयी स्पष्ट समज हवी. स्नायू आवळून धरताना रक्तदाब तात्पुरता वाढतो. श्वास रोखल्यास अधिकच वाढतो. म्हणून अनियंत्रित रक्तदाब, अलीकडे झालेला हृदयविकाराचा झटका, आंत्रवृद्धी, डोळ्याचे नुकतेच झालेले शस्त्रकर्म, या अवस्थांत संबंधित तज्ज्ञांच्या संमतीविना स्थिर व्यायाम सांगू नये. दुसरीकडे, २०२३ साली ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये २७० चाचण्यांचे जे एकत्रित विश्लेषण आले, त्यात नियमित स्थिर व्यायामाने विश्रांतीच्या वेळचा रक्तदाब सरासरी वरचा सुमारे ८ व खालचा सुमारे ४ अंकांनी उतरला, असे दिसले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. करतानाची वाढ क्षणिक, नियमाने केल्याचा लाभ दीर्घ. परंतु लाभाच्या आशेने चालू औषधे बंद करू नयेत.

औषधविक्रेत्यांचे कर्तव्य

गुडघेदुखीचा रुग्ण पुष्कळदा वैद्याकडे न जाता थेट औषधालयात येतो. तेल, गुग्गुळाच्या गोळ्या आणि नी-कॅप घेऊन जातो. या क्षणी त्याच्याशी बोलणारी व्यक्ती म्हणजे दुकानातील विक्रेता. तेलाच्या बाटलीबरोबर जानुपीडनाचा विधी छापलेले एक लहान पत्रक मराठी, तेलुगू व कन्नड या भाषांत दिले तर खर्च नगण्य आहे. नी-कॅप दिवसभर घालून बसू नये, चालताना वा उभ्याच्या कामात घालावी, हेही सांगावे. आधाराची सवय लागली आणि व्यायाम राहून गेला, तर मांडी दुर्बलच राहते.

याहून गंभीर बाब म्हणजे लेबल नसलेल्या, ‘एका दिवसात आराम’ देणाऱ्या पुड्या. त्यांत स्टिरॉइड मिसळलेले असण्याचा धोका सर्वज्ञात आहे. स्टिरॉइडने वेदना झटकन थांबते, पण दीर्घकाळ घेतल्यास मांडी व नितंबाचे मांस क्षीण होते आणि हाडे ठिसूळ होतात. म्हणजे ज्या बळासाठी आपण प्रयत्न करावयाचा, तेच ही पुडी हिरावून घेते. अशी पुडी आयुर्वेदाच्या नावाने विकली जाते, तेव्हा त्या अपकीर्तीचे धनी आपण सर्वजण होतो. दुकानात ती ठेवू नये, आणि कोणी दीर्घकाळ घेत असल्याचे कळल्यास ती अचानक बंद करण्याचा सल्ला न देता रुग्णास तत्काळ तज्ज्ञ चिकित्सकाकडे पाठवावे. कारण एकाएकी बंद केल्यानेही जिवास अपाय होऊ शकतो.

पुढची पायरी

सहा ते आठ आठवड्यांनी वर सांगितलेल्या चारही नोंदी पुन्हा घ्याव्यात. मांडीचा घेर फारसा वाढलेला नसेल. पण तीस सेकंदांतील उठण्याची संख्या आणि एका पायावरचे सेकंद बहुधा वाढलेले दिसतील. ती दोन्ही संख्या रुग्णास दाखवावी. वेदनेची आठवण बदलत राहते, आकडा बदलत नाही. आणि स्वतःची प्रगती अंकांत पाहिलेला रुग्ण व्यायाम सोडत नाही. त्यानंतर उंच खुर्चीवरून आधाराविना उठणे-बसणे, सपाट रस्त्यावर चालणे, एकेक पायरी चढणे, अशा सचल व्यायामांकडे त्यास न्यावे. सुधारणा दिसत नसल्यास, संधी वेडावाकडा झाला असल्यास वा चार पावलेही अशक्य झाली असल्यास अस्थितज्ज्ञांचे मत घेण्यात कमीपणा नाही. शस्त्रकर्म ठरले तरी आधी मिळविलेले मांडीचे बळ त्यानंतर उपयोगीच पडते.

औषध, बाह्योपचार, आहार आणि कर्म, हे चारही मिळून चिकित्सा पूर्ण होते. पैकी पहिली तीन आपण निष्ठेने देत आलो आहोत. चौथ्यासाठी प्रत्येक जानुरुग्णामागे पाच मिनिटे द्यावीत, निदान जानुपीडन तरी स्वतः करवून घ्यावे आणि पुढील भेटीत ते पुन्हा करून दाखवावयास सांगावे, अशी सर्व वैद्यबंधू-भगिनींस नम्र विनंती आहे.